घटक निवडा

पोलीस भरतीची जाहिरात आली की उमेदवारांच्या आधी त्यांच्या मामांना धाप लागते. मी सांगलीत राहतो, कचेरीत कारकुनी करतो आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे. यातल्या तिसऱ्या पात्रतेमुळे तासगावकडच्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात मला ‘भरतीतलं कळणारा माणूस’ असा हुद्दा मिळालेला आहे. हुद्दा बिनपगारी आहे आणि त्यात निवृत्तीही नाही.

वास्तविक फॉर्म भरणं अवघड नसतं. नाव, जन्मतारीख, जात, नॉन-क्रीमीलेअर, बारावीचे मार्क. सोबत पासपोर्ट फोटो, त्यात मुलाचा चेहरा असा की त्याला पोलिसांत घेण्याआधी पोलिसांनी त्याची चौकशी करावी. हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. मग पडद्यावर एक चौकट येते : ‘घटक निवडा’. तिच्यावर टिचकी मारली की मुंबई पोलीस आयुक्तालयापासून महाराष्ट्राचे जिल्हेच्या जिल्हे झरझर खाली उतरतात आणि आमच्या घरातली कामं ठप्प होतात. कारण नियम असा, की एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा. शिपाई व्हायचंय ना? मग मुंबई म्हणा, सांगली म्हणा, पुणे म्हणा. पण एकदाच म्हणा. लग्नातसुद्धा सुपारी फुटल्यावर माणसाला विचार करायला थोडे दिवस मिळतात.

या खेपेला उमेदवार होता माझा सख्खा भाचा. त्यामुळे निर्णयमंडळ मोठं होतं. अक्का, दाजी, दाजींचे चुलतभाऊ, अकॅडमीचे सर, गल्लीतले निवृत्त हवालदार आबा आणि चहा करून करून कंटाळलेली माझी बायको. भाचाही होता, पण तो कोपऱ्यात बसून पायाला बाम चोळत होता.

दाजींनी जागांचा तक्ता मागितला. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका खुर्चीमागे शंभर जण, आणि खुर्ची तरी कसली, उन्हात उभं राहायची. त्यात मुंबईच्या जागा हजारांनी असतात. २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या भरतीत तर एकट्या मुंबईत शिपायांच्या सात हजारांच्या आसपास जागा होत्या. सांगलीच्या जागा मात्र अक्काला तोंडपाठ म्हणता येतील इतक्या. खुला, ओबीसी, ईडब्ल्यूएस, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त असे वाटे पडले की आपल्या रकान्यात कधी दोन येतात, कधी एक, कधी नुसती आडवी रेघ.

“नीट बघा पाव्हणं,” दाजी चष्मा पुसत म्हणाले, “इंग्रजीतला एक आसंल. आडवा पडलाय.”

तो रेघच आहे हे पटल्यावर त्यांची नजर शेजारच्या भूकंपग्रस्तांच्या रकान्यावर गेली. तिथे एक जागा दिसत होती. “१९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तवा आमच्या आजीची उतरंड पडलीती,” ते म्हणाले. “त्याचा दाखला निघंल का कुठं?”

दाजींचं मत पहिल्यापासून सांगलीला. त्यामागचं कारण त्यांनी मला गोठ्यामागे नेऊन खासगीत सांगितलं. त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की पुढे रोज आभाळाकडे बघायचं आणि औषध मारायचं. ढग आले की द्राक्षावर डावणीचा रोग आलाच. फवारणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. पोरगं सांगलीत लागलं तर पहाटे बागेत औषध मारून, आंघोळ करून ड्युटीवर हजर. “सरकारी नोकरी बी झाली आन् बाग बी.” राज्याच्या गृहखात्याने भरती काढायची ती डावणीच्या बंदोबस्तासाठी, हा विचार मला तोपर्यंत सुचलेला नव्हता.

आणि यंदा सांगलीला रेघ असेल तर? त्यावरही दाजींचा तोडगा तयार होता. थांबायचं. “फुडच्या साली जागा सुटत्यालच की. हवालदार काय अमरपट्टा घिऊन आल्यात व्हय?” पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, हे कळल्यापासून दाजी जिल्ह्यातल्या प्रत्येक पिकल्या मिशीकडे प्रेमाने बघू लागले होते. गावच्या एका लग्नात बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांना त्यांनी हाताला धरून पंगतीत बसवलं, पानात जिलबी वाढली आणि हळूच विचारलं,

“सायेब, अजून किती वर्सं?”

“दोन,” हवालदार म्हणाले.

दाजींनी आणखी दोन जिलब्या वाढल्या. मध्येच कुणीतरी निवृत्तीचं वय ५८ चं ६० होणार असल्याचा मेसेज फॉरवर्ड करतो, तेव्हा मात्र दाजींना दोन दिवस जेवण जात नाही. सरकारी नोकरांसाठी ही आनंदाची बातमी आहे, हे मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. “नोकरी लागल्यावर हुईल आनंद,” ते म्हणाले. “आधी त्यास्नी जाऊ द्या.”

थांबणाऱ्यांचं पुढे काय होतं हे बघायचं असेल तर कुठल्याही भरती अकॅडमीच्या मैदानावर पहाटे पाचला जावं. खुल्या गटाला २८ वर्षांची अट असते, मागासवर्गीयांना ३३ ची. आपल्याच जिल्ह्यात जागा निघेल म्हणून या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी थांबलेला मुलगा एका सकाळी वयात बसत नाही आणि दुसऱ्या सकाळी शिट्टी घेऊन उभा राहतो. त्यालाच सर म्हणतात.

आमच्या सरांचा या अनुभवातून एक सिद्धांत तयार झालेला होता. त्यांच्या मोबाइलमध्ये मागच्या भरत्यांचे सगळ्या जिल्ह्यांचे कटऑफ रंगीत चौकटींत भरून ठेवलेले होते. “मामासाहेब, मुंबई सोपी म्हणून सगळे मुंबई भरतात. म्हणून मुंबई अवघड झाली. हे आता सगळ्यांना कळलंय. म्हणून यंदा मुंबई कुणी भरणार नाही. म्हणून मुंबई सोपी जाणार.”

“मग मुंबई भरूया,” मी म्हणालो.

“पण हे मी माझ्या सगळ्याच पोरांना सांगितलंय.”

“मग?”

“म्हणून यंदा मुंबई अवघड.”

ही साखळी कुठे तोडायची हे सरांनाही माहीत नव्हतं. गेल्या वेळी म्हणे असाच एक कोपऱ्यातला जिल्हा ‘शांत’ निघाला होता. कमी अर्ज, कटऑफ खाली. ही बातमी टेलिग्रामवर फिरली आणि पुढच्या भरतीत त्या शांत जिल्ह्याच्या मैदानाबाहेर अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राची पोरं सतरंज्या टाकून झोपलेली. गडचिरोलीचा विषय निघाला, पण तिथे स्थानिक रहिवासीच लागतो हे कळल्यावर दाजींनी निःश्वास टाकला आणि “बघा, त्येंच्याकडं कसं भूमिपुत्राला मान हाय,” असं कौतुकही केलं.

मुंबईची बाजू मांडायला आबा होते. आबांनी मुंबई पोलिसांत उभी हयात काढली, त्यातली बरीच वर्षं वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत. बायको, तीन मुलं, धाकटा भाऊ आणि गावाकडून हॉस्पिटलसाठी, इंटरव्ह्यूसाठी, राणीचा बाग बघण्यासाठी येणारं सगळं तासगाव. आबा मुंबईचं वर्णन करू लागले की ऐकत राहावं. समुद्र, लोकल, रात्री दोनला मिळणारा चहा, कुणी कुणाच्या जातीत नाक खुपसत नाही, कायद्याला मान.

“मुंबईसारखं शहर न्हाई,” आबा म्हणाले.

“मग रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत का आलात?”

“झोपायला.”

इथे भाच्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आठ तासांच्या ड्युटीचा विषय काढला. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला होता आणि ती कल्पना एका शिपायानेच मांडली होती, हे त्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकामुळे पाठ होतं. आबा ऐकत राहिले. “आठ तास खरंच,” ते शेवटी म्हणाले. “पण मधी गणपती येत्यात. नवरात्र येतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमी. थर्टी फस्टला चौपाटी. वानखेडेवर म्याच. मंत्र्यांचे दौरे. ही सोडून बाकीचे आठ तास.”

अक्काचं मत वेगळंच होतं. तिच्या लेखी मुंबई आणि सांगली हा नोकरीचा प्रश्नच नव्हता, स्थळांचा होता. सांगलीत लागला तर मुलीकडचे म्हणणार, सासू-सासऱ्यांत राहावं लागणार, बाग आहे, म्हशी आहेत, आमच्या मुलीला सवय नाही. मुंबईत लागला तर म्हणणार, पगार चांगला, पण खोली कुठं? तिने मनातल्या मनात चार स्थळांची दोन गटांत वाटणी करून ठेवलेली होती, मुंबई चालणारी आणि सांगलीच हवी असणारी. अडचण एवढीच, की तिला स्वतःला आवडलेली मुलगी दुसऱ्या गटात होती आणि तिला आवडलेले व्याही पहिल्या.

“आन् वर्दीतला फोटो तर कुठं बी निघतोय की,” ती म्हणाली.

यात मला त्या दिवसातली सर्वांत खोल गोष्ट सापडली. वर्दी हवी असते ती ओळखीच्या लोकांनी बघावी म्हणून. मुंबईत वर्दी घालून चौकात उभं राहिलं की लाखभर माणसं समोरून जातात, त्यातलं एकही आपल्या शाळेतलं नसतं. ज्या मास्तरांनी ‘तू आयुष्यात काही करणार नाहीस’ म्हणून सांगितलं, ते अंधेरीच्या सिग्नलला कशाला येतील? त्यासाठी आपल्या जिल्ह्यातच वर्दी हवी. आणि आपल्या जिल्ह्यात वर्दी घातली की काय होतं, ते दाजींच्या एका पुतण्याकडून कळलं. तो जिल्हा पोलिसांत आहे. नाकाबंदीत त्याने तिघांना घेऊन चाललेली एक मोटारसायकल थांबवली. मागच्या सीटवरची म्हातारी खाली उतरली, त्याच्या टोपीखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, “आरं, तू बायजाचा धाकला न्हवं? लहानपणी किती शेंबडा हुतास!” पावतीपुस्तक खिशात गेलं. तिघंही पुढे गेले, वर त्याला घरच्या शेंगांची पिशवी देऊन गेले. थोडक्यात, मुंबईत धाक असतो पण बघायला कुणी नसतं, आणि इकडे सगळे बघतात पण धाक नसतो. हा तिढा गृहखात्याच्या कुठल्याही परिपत्रकात सुटलेला नाही.

याच पुतण्याने दाजींच्या स्वप्नाला दुसरा सुरुंग लावला.

“काका, सांगली जिल्हा मिळाला म्हंजी तासगाव मिळालं आसं न्हाई. मला उमदीला टाकलंतं.”

उमदी जत तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या वेशीवर. तिथून सुट्टीला घरी यायचं म्हणजे आधी जतला, मग पुढची एसटी, मग त्यापुढची, आणि बऱ्याचदा उभ्याने. त्याउलट मुंबईचा माणूस रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये आडवा होतो आणि सकाळी डोळे चोळत उतरतो. हिशेबाने मुंबई उमदीपेक्षा जवळ पडत होती. दाजींनी बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटतं, उमदीहून पहाटे औषध मारायला येता येईल का ते बघत असावेत.

या सगळ्या काळात भाच्याची तयारी चालूच होती, आणि तिच्यात मामाचा सहभाग असावा असा अक्काचा आग्रह होता. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस. पहाटे स्टॉपवॉच घेऊन मी मैदानाच्या कडेला उभा राहायचो. इतकी पोरं एकाच वेळी गोल पळताना बघून माझी मान अवघडायची आणि तेवढाच माझाही व्यायाम व्हायचा. एकदा उत्साहाच्या भरात मी ७.२६० किलोचा गोळा उचलून बघितला. उचलला गेला. त्यानंतर तो हातात धरून मी तसाच वाकलेला राहिलो आणि दोन उमेदवारांनी मला सरळ केलं. त्यांतला एक १६५ सेंटिमीटरच्या अटीत केसाने कमी पडत होता आणि माणूस सकाळी थोडा उंच असतो म्हणून रोज उठल्या उठल्या उंची मोजून घेत होता. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४ लागते. माझी मोजायला सर पुढे आले, पण टेप कुठे धरायची यावर आमच्यात एकमत झालं नाही.

अर्जाची शेवटची रात्र उजाडली. म्हणजे पडली. साइटवर अख्खा महाराष्ट्र एकदम बसला असावा. चौकट उघडायची, मध्येच गोल फिरायला लागायचं, पान पांढरं पडायचं. दहा वाजता निर्णय सांगली होता. साडेदहाला पुण्याच्या आत्याचा फोन आला आणि तो पिंपरी-चिंचवड झाला. अकराला आबा झोपायला गेले आणि मुंबईचा जोर कमी झाला. सव्वाअकराला सरांचा मेसेज आला, ‘मुंबई रिकामी जातेय.’ पाठोपाठ दुसरा आला, ‘हा मेसेज पुढे पाठवू नका.’ तो पुढे पाठवलेलाच होता.

“तुला काय पायजे?” मी भाच्याला विचारलं. हा प्रश्न त्याला तोपर्यंत कुणी विचारलेला नव्हता, त्यामुळे तो गोंधळला.

“मामा, कुठं बी चालंल. लाइट जायच्या आत भरा फक्त.”

शेवटी तडजोड माझ्या बायकोने काढली. नियम एका पदासाठी एक अर्ज, हा आहे ना? मग पदं वेगवेगळी आहेत की. शिपाई मुंबईला, चालक शिपाई सांगलीला, राज्य राखीव दलात दौंडला. सगळ्यांचा मान राहिला. दाजींना सांगली मिळाली, अक्काला दोन्ही स्थळं, सरांना त्यांचा सिद्धांत आणि आम्हाला झोप. सकाळी उठून पेपर उघडला तर अर्जाला पंधरा दिवसांची मुदतवाढ. शेजारच्या घरात त्याच दिवशी चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

सांगलीची चालकपदाची वाट कौशल्य चाचणीत अडली. जीप उलटी घेऊन दाखवायची होती. भाच्याने आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला, तोही बागेच्या ओळींतून, मागे फवारणीचा ब्लोअर लावून. त्याने जीप अत्यंत सावकाश, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या तारा आहेत असं समजून मागे घेतली. परीक्षकांनी त्याच्या संयमाचं कौतुक केलं आणि पुढच्याला बोलावलं. दौंडच्या दिवशी पावसाने मैदानाचा चिखल झाला आणि तारीख बदलली. बदललेल्या तारखेला त्याच्या पायात गोळा आला. मुंबईत मात्र तो पळाला, गोळा फेकला, लेखी दिली, आणि यादीत त्याचं नाव आलं. गावात पेढे वाटले गेले. मुंबई सोपीच होती, असं सरांनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि पुढच्या बॅचची फी वाढवली.

प्रशिक्षण संपवून तो मुंबईत रुजू झाल्या महिन्यापासून दाजींचा नवा प्रश्न सुरू झाला : बदली. आंतरजिल्हा बदली विनंतीवरून होते, पण त्यात सेवाज्येष्ठता जाते, शिवाय समोरच्या जिल्ह्यात जागा हवी. “म्हंजी परत हवालदार मोजायचं,” दाजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला थोडा उत्साह वाटला.

मग गणपती आले. पोरगं मुंबई पोलिसांत आहे या एका आधारावर आमच्या भावकीने दोन जीप भरून लालबाग गाठलं. नवसाच्या रांगेत उभं राहून सगळ्यांनी आळीपाळीने त्याला फोन लावले. “कुठल्या गेटावर हायस? आमाला आत सोडायला सांग.” तो लालबागपासून लांब, मानखुर्दला एका मंडळाच्या मंडपाशेजारी बंदोबस्ताला उभा होता आणि कंट्रोलचा वायरलेस ऐकण्यासाठी फोन कापत होता. आपला पोरगा असताना आपण सामान्य जनतेबरोबर उभं राहतोय, याचं दुःख दाजींना पायदुखीपेक्षा जास्त झालं. पण रांग सोडून येणार कसे? ते नवस बोलायलाच आले होते, पोराची बदली सांगलीला होऊ दे म्हणून.

रात्री उशिरा भाच्याचा मला फोन आला. पाठीमागे ढोल वाजत होते, त्याचा आवाज बसलेला होता.

“मामा, आमचं अप्पा फोन उचलंनात, रांगेत असत्याल. त्येंस्नी निरोप द्या तेवढा.”

“काय सांगू?”

“नवस बोलताना नुसतं जिल्ह्याचं नाव घिऊ नका म्हणावं. पोलीस ठाण्याचं नाव घ्या. न्हाईतर उमदी लागंल.”